यादीला पुरावा मागा

संग्राहकांच्या जगात एक समज पक्का बसला आहे. चेकलिस्टमध्ये जे नाही ते अस्तित्वातच नाही, आणि जे आहे ते आज ना उद्या कुणाच्या तरी हाती लागणारच. अमेरिकेतल्या जुन्या तंबाखू-सिल्कांच्या बाबतीत या समजाचे दोन्ही भाग मला अमान्य आहेत.

१९१०-११च्या सुमारास अमेरिकन टोबॅको कंपनीच्या ब्रँडांनी सिगारेटबरोबर साटीनचे चित्रित तुकडे द्यायला सुरुवात केली. झेंडे, फुले, पक्षी, नट्या, विद्यापीठांची बोधचिन्हे आणि बेसबॉलपटू असे विषय त्यांवर छापलेले असत. बेसबॉलच्या छोट्या सिल्कांची मालिका आज एस७४ या नावाने ओळखली जाते. या सिल्कांची रुंदी दोन इंचांहून थोडी कमी, उंची तीन-साडेतीन इंच. या मालिकेत दोन जाती आहेत. पांढऱ्या साटीनच्या सिल्कला मागून जाहिरातीचा कागद चिकटवलेला असे. रंगीत साटीनच्या बऱ्याच सिल्कांवर खालच्या कडेला ब्रँडचे नाव आणि कारखान्याचा क्रमांक छापलेला दिसतो, जसे ‘ओल्ड मिल’साठी व्हर्जिनियाचा कारखाना क्रमांक २५. एस८१ ही मोठी मालिका सात बाय नऊ इंचांची आणि २५ खेळाडूंची. टाय कॉब आणि क्रिस्टी मॅथ्यूसन दोन्हींत आहेत.

हे तुकडे अल्बममध्ये जपण्यासाठी दिले जात नव्हते. ते शिवण्यासाठी होते. सिगारेट ओढणारा पुरुष, पण तुकडा पोचायचा घरातल्या बाईच्या हाती, आणि तिने त्यातून उशीचा अभ्रा किंवा गोधडी करावी हाच कंपनीचा हेतू होता. बायकांनी तसे भरपूर केलेही. आज समोर येणाऱ्या सिल्कांपैकी कितीतरी कधीतरी शिवलेले, धुतलेले, उन्हात वाळवलेले आणि पुढे उसवून वेगळे केलेले आहेत. यादीचा प्रश्न इथेच सुरू होतो.

यादीच्या बाजूचा पहिला युक्तिवाद असा की शंभर वर्षांत कुणाला दिसले नाही, म्हणजे ते छापलेच गेले नाही. १९३२च्या यू. एस. कॅरमेल या मिठाई-कार्डांच्या मालिकेचे काय झाले ते पाहावे. ३२ कार्डांच्या या मालिकेत १६ क्रमांकाचे कार्ड कधी निघालेच नाही, असे अनेक दशके मानले जात होते. मग फ्रेड लिंडस्ट्रॉमचे ते कार्ड सापडले. सर्व ३२ जमवणाऱ्याला बक्षीस मिळणार होते; ते कमी जणांना द्यावे लागावे म्हणून हे एक कार्ड फार थोडे छापले गेले, असाच याचा अर्थ लागतो. जाड पुठ्ठ्याच्या कार्डाची ही कथा असेल, तर कपड्यात शिवला गेलेला साटीनचा तुकडा नजरेआड राहण्याची शक्यता किती जास्त असेल! अनेक सिल्क आजही गोधड्यांतच आहेत, आणि गोधडी वस्त्रांच्या संग्रहात जाते, बेसबॉल कार्डांच्या नव्हे. तिच्यावर कोणाकोणाची चित्रे आहेत हे तिथे कुणी नोंदवत नाही.

याची दुसरी बाजू च्युइंगमबरोबर मिळणाऱ्या १९३३च्या गाउडी कार्डांच्या मालिकेत दिसते. तिच्यात १०६ हा क्रमांक होता, पण त्या वर्षी त्या क्रमांकाचे कार्डच निघाले नाही. मुले त्याच्या शोधात च्युइंगम विकत घेत राहिली. तक्रारी आल्या तेव्हा १९३४ मध्ये नॅप लाजवेचे कार्ड छापून मागणाऱ्यांना टपालाने पाठवले गेले. म्हणजे वर्षभर यादीतली जागा होती आणि वस्तू नव्हती. यादीतली जागा म्हणजे वस्तू, असे धरून चालता येत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक भक्कम वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. रंगीत सिल्कांवरची चित्रे १९११च्या सोनेरी किनारीच्या टी२०५ कार्डांशी जुळतात. टी२०५चा अभ्यास बारकाईने झालेला आहे, २०८ कार्डे नक्की आहेत, तेव्हा त्यावरून सिल्कांचीही यादी पुरी करता येईल, असे म्हटले जाते. चित्र ओळखण्यापुरते हे बरोबर आहे. पण टी२०५मधले काही भेद कार्डाच्या पाठीवर आहेत. हॉब्लिट्झेलच्या कार्डाचे भेद पाठीवरच्या आकडेवारीवरून ठरतात. सिल्कला आकडेवारीची पाठच नाही, मग तो भेद तिथे राहील कुठे? याउलट एडी कॉलिन्सचे तोंड उघडे की मिटलेले हा भेद चित्रातला आहे, म्हणून सिल्कवर तो शोधणे रास्त आहे. एका मालिकेची यादी दुसरीवर पसरताना प्रत्येक भेदाची अशी तपासणी हवी, आणि ती बहुधा होत नाही.

ब्रँडचेही तसेच. टी२०६ या दुसऱ्या तंबाखू-कार्डांच्या मालिकेतली रे डेमिट आणि बिल ओ'हारा यांची सेंट लुईस संघाची कार्डे फक्त ‘पोलर बेअर’ या ब्रँडच्या पाठीने सापडतात. चित्र माहीत झाले म्हणून ते प्रत्येक ब्रँडने वाटले असेल असे नाही, हे तिथे सिद्ध झालेले आहे. सिल्कांच्या यादीत मात्र खेळाडूंच्या नावांचा स्तंभ आणि ब्रँडांचा स्तंभ आखून सगळी घरे भरण्याची सवय आहे. त्यातली किती घरे कुणी डोळ्यांनी पाहिली आहेत?

आता छाटणीचा मुद्दा. शिवणात तुकडा बसवण्यासाठी कडा कापली जाते, आणि खालची कडा कापली की ब्रँडचे नाव व कारखान्याचा क्रमांक तिच्याबरोबर जातात. असा तुकडा पुढे बाजारात आला की त्याला ‘ब्रँडविरहित प्रकार’ म्हणून वेगळी ओळ मिळू शकते. ब्रँडचे नाव नसलेले सिल्क मुळातच छापले गेले असतील. मी ते नाकारत नाही. पण चित्राखाली कोरी, न कापलेली कडा शिल्लक आहे का, हे मोजल्याशिवाय तो प्रकार मान्य करू नये. रंगाचेही असेच. उन्हाने आणि धुण्याने रंग उतरतो, एका रंगाचा दुसरा भासतो. शिवणीत दुमडून आत गेलेल्या पट्टीला मात्र उजेड लागलेला नसतो, म्हणून मूळ रंग तिथे टिकतो. रंगाचा नवा प्रकार जाहीर करायचा तर आधी ती पट्टी दाखवा.

ग्रेडिंग कंपनीने प्लास्टिकच्या बंद कवचात घालून लेबल लावले आहे, हा तिसरा आधार. तो मला सर्वांत कच्चा वाटतो. वस्तू खरी की नकली हे कंपनी तपासते, आणि त्या कामाचे मोल आहे. पण लेबलावर कोणता प्रकार लिहायचा हे ती प्रचलित यादीवरूनच ठरवते. पुढे तेच लेबल यादीचा पुरावा म्हणून दाखवले जाते. यादी लेबलाचा हवाला देते आणि लेबल यादीचा. मूळ निरीक्षण कुणाचे, हे शेवटी कळतच नाही.

या सगळ्यावर कुणी म्हणेल, मग याद्या फेकूनच द्या, जे दिसेल ते जमवा. हेही मला मान्य नाही. जेफरसन बर्डिक नसता तर आज ‘एस७४’ हे नावसुद्धा आपल्यापाशी नसते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा हा माणूस. संधिवाताने बोटे आखडत चाललेली असताना त्याने देशभरच्या संग्राहकांशी पत्रव्यवहार करून अमेरिकन कार्ड कॅटलॉग उभा केला आणि तीन लाखांहून अधिक कार्डे व छापील वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या. त्या अल्बमांत चिकटवण्याचे काम त्याने १९६३ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी संपवले. पण त्याच्या कॅटलॉगचा भर मालिकांच्या नोंदीवर होता. एकेका तुकड्याच्या तपशीलवार याद्या नंतर इतरांनी वाढवल्या, आणि बर्डिकची पुण्याई त्या ओळींना आपोआप लाभली. त्याचे वर्गीकरणही अंतिम मानले गेलेले नाही: ‘कूपन’ सिगारेटची पहिली मालिका त्याने टी२१३मध्ये घातली, ती टी२०६चीच आहे असे अनेक अभ्यासक आज म्हणतात. त्याच्या कामाचा खरा आदर पत्रव्यवहाराची ती रीत पुढे नेण्यात आहे.

म्हणून माझी मागणी यादी मोडण्याची नाही, तिच्या प्रत्येक ओळीला आधार जोडण्याची आहे. हा सिल्क कुणीतरी प्रत्यक्ष पाहून दोन्ही बाजूंनी छायाचित्रित केला आहे, की एखाद्या जुन्या संग्राहकाने फक्त कळवला आहे, की टी२०५वरून अनुमानाने धरला आहे, हे ओळीपुढेच लिहावे. पाहिलेला असेल तर मापे, खालच्या कडेची स्थिती, सुईची छिद्रे आणि मागच्या कागदाचे अवशेषही द्यावेत. अनुमानाच्या ओळी खोडू नयेत, त्या वेगळ्या पानावर ठेवाव्यात. म्हणजे नवा संग्राहक कदाचित नसलेल्या तुकड्यासाठी वर्षे आणि पैसा घालवणार नाही, आणि जुन्या गोधडीत काही अनोळखी दिसले तर त्याला लगेच नकली ठरवणार नाही.

आणि गोधड्या उसवणे थांबवा. सुटा कॉब जास्त किमतीला जातो म्हणून शंभर वर्षांची शिवण कापली जाते आणि बाकीचे तुकडे ढिगात विकले जातात. कोणते खेळाडू, कोणते रंग आणि कोणते ब्रँड एका घरात एकाच काळात येत होते, याची साक्ष देणारी वस्तू ती एकच आहे. ती अखंड असेतोवर यादीतली शंकास्पद ओळ तिच्यावरून ताडून पाहता येते. ज्याच्याकडे अशी गोधडी असेल त्याने ती न उसवता पसरावी, दिवसाच्या उजेडात प्रत्येक चौकटीचे छायाचित्र घ्यावे, शिवण जिथे आपोआप सुटली असेल तिथल्या आतल्या पट्टीचेही घ्यावे, आणि यादी राखणाऱ्यांकडे पाठवावे.