वनपट्टे, सातबारा आणि संगणकातील तक्ते

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील तहसील कचेरीत, सेवा केंद्रावर किंवा धान खरेदीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कानी हल्ली दोन वाक्ये वारंवार पडतात. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे पहिले आणि ‘तुमचे नाव संगणकात दिसत नाही’ हे दुसरे. पहिल्या वाक्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. भामरागड किंवा एटापल्लीकडील माणसाने दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला यावे आणि यंत्र बंद म्हणून परत जावे, हा अन्यायच होय. तथापि बंद पडलेले यंत्र केव्हा तरी सुरू होते. दुसरे वाक्य यंत्र उत्तम चालत असताना उच्चारले जाते, आणि त्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही.

ज्यांना हे वाक्य ऐकावे लागते, त्यांत वनपट्टाधारक पुष्कळ आहेत. वनहक्क मान्यतेचा कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, आणि तीन पिढ्यांचा रहिवास सिद्ध करणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासींना, प्रत्यक्ष ताब्यातील जमिनीवर कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मिळाला. ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समितीची तपासणी आणि जिल्हा समितीची मान्यता अशा तीन पायऱ्या चढून हा पट्टा हाती येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा हा कागद कुटुंबे प्लॅस्टिकच्या पिशवीत, कणगीच्या आडोशाला जपून ठेवतात. पण बँकेत पीककर्जासाठी गेले की सातबारा मागितला जातो. शेतमालाच्या सरकारी खरेदीची नोंदणी सातबाऱ्यावर, पीकविमा सातबाऱ्यावर. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी राज्यात जो शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला, त्याचाही पाया मुख्यतः सातबाऱ्यावरील खाते हाच आहे. पट्टा खरा, सही खरी, जमीन डोळ्यांसमोर आहे. आणि संगणक मात्र गप्प आहे. हे कसे घडते, हे समजून घेण्यासाठी थोडा वेळ संगणकाच्या पोटात शिरले पाहिजे. विषय वाटतो तितका अवघड नाही.

आजचे बहुतेक सरकारी अभिलेख ज्या पद्धतीने ठेवले जातात तिला रिलेशनल डेटाबेस, म्हणजे परस्परसंबद्ध तक्त्यांचा संग्रह, असे म्हणतात. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये एका निबंधात ही कल्पना मांडली. सर्व माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळ ओळखता यावी असा एक क्रमांक, म्हणजे किल्ली, तिला असावी, आणि दोन तक्त्यांतील ओळी त्या किल्लीच्या आधारे एकमेकींशी जोडता याव्यात, एवढेच तिचे सार. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा तयार केली. तीच आज एसक्यूएल या नावाने जगभर वापरली जाते.

आपल्या महसूल खात्याला यात नवे वाटावे असे फारसे काही नव्हते. तलाठ्याचे गाव नमुने पाहा. नमुना सात हा अधिकार अभिलेख, नमुना बारा ही पिकांची नोंदवही, आठ-अ ही खातेदारांची, सहा ही फेरफारांची, सहा-क ही वारसांची. प्रत्येक वहीत दुसऱ्या वहीचा संदर्भ असतो. गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक या तीन किल्ल्यांनी सारे दप्तर एकमेकांस बांधलेले आहे. कॉडसाहेबांच्या कितीतरी आधी कोण्या अनामिक जमाबंदी अधिकाऱ्याने ही रचना सिद्ध केली होती, असे म्हणावयास हरकत नाही. म्हणूनच भूमिअभिलेखांचे संगणकीकरण या देशात लवकर हाती घेतले गेले. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी निवडलेल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला शेजारचा वर्धा जिल्हा होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, मर्जीवरचे अवलंबन त्यामुळे बरेच कमी झाले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

अडचण येते ती जंगलाच्या सीमेवर. वन खात्याचे दप्तरही तितकेच जुने आणि तितकेच शिस्तीचे आहे, परंतु त्याची किल्ली वेगळी. तेथे परिक्षेत्र, नियतक्षेत्र आणि कक्ष क्रमांक यांनी जमीन ओळखली जाते. एका कक्षात शेकडो हेक्टर जंगल असू शकते आणि त्यात अनेक कुटुंबांची शेते. आता वनहक्क कायद्याच्या नियमांत पट्ट्याचा जो नमुना दिला आहे तो पाहावा. जमिनीच्या वर्णनासाठी त्यात एकच जागा आहे: ठळक खुणांनुसार चतुःसीमा, खसरा किंवा कक्ष क्रमांकासह. म्हणजे एका पट्ट्यावर महसुली क्रमांक, दुसऱ्यावर वन खात्याचा कक्ष, तिसऱ्यावर नाला, मोहाचे झाड आणि शेजाऱ्याचे बांध. कागदावर हे चालून जाते, कारण वाचणारा माणूस असतो आणि त्याला मोहाचे झाड ठाऊक असते. तक्त्यात मात्र एका रकान्यात दोन प्रकारचे क्रमांक भरले की तो रकाना किल्लीचे काम करू शकत नाही. पट्ट्यांची यादी आणि सातबाऱ्याचा तक्ता जोडावयास गेले तर जुळणी होत नाही.

येथे एक तांत्रिक भेद सांगणे भाग आहे, कारण माझ्या मते सर्व प्रश्नाचे मर्म त्यात आहे. दोन तक्ते जोडण्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात ज्या ओळींची जोडी सापडते तेवढ्याच उत्तरात येतात. बाकीच्या निमूटपणे गळतात. दुसऱ्या प्रकारात एका तक्त्यातील सर्व ओळी येतात आणि जोडीदार न सापडल्यास त्या जागी रिकामा रकाना दिसतो. पहिल्या प्रकारे ‘सातबारा असलेले वनपट्टाधारक किती’ असे विचारले तर एक नीटनेटका आकडा मिळतो आणि उरलेले कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीत. दुसऱ्या प्रकारे विचारले तर उरलेल्यांची नावनिशीवार यादी हाती येते. यंत्र तेच, माहिती तीच. प्रश्न विचारणाऱ्याच्या एका शब्दाने फरक पडतो. हा शब्द कोणता असावा हे ठरविणारा कर्मचारी कदाचित त्याला तांत्रिक बाब समजत असेल, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो धोरणाचा निर्णय आहे. लाभार्थी मोजताना कोणाला मोजावयाचे, हे तेथे ठरते.

रिकाम्या रकान्याचा अर्थही असाच निसटता आहे. डेटाबेसच्या शास्त्रात रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे. ‘माहीत नाही’ हा त्याचा अर्थ. कॉडने ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला हे तिसरे उत्तर मुद्दाम ठेवले होते. आपल्या कचेऱ्यांत मात्र ‘माहीत नाही’ हे उत्तर देण्याची प्रथा नाही. पडद्यावर काही आले नाही की खिडकीतून ‘नाही’ असे सांगितले जाते. (आमच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्राचे विद्यार्थी हा भेद परीक्षेसाठी पाठ करतात, तोही काल्पनिक कंपनीच्या काल्पनिक नोकरांच्या तक्त्यांवर. गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात तरी नमुना सात आणि वनपट्ट्यांची नोंदवही हे उदाहरण घ्यावे, म्हणजे विद्यार्थ्यांना जोडणीही समजेल आणि जिल्हाही.)

यावर कोणी म्हणेल की हे कालांतराने सुधारेल. परंतु काळ येथे थांबलेला नाही. वनहक्क कायद्याच्या कलम चार अन्वये हा हक्क विकता येत नाही, पण वारसाने मिळतो, आणि विवाहित धारकाच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदविला जातो. आता २००९-१० मध्ये पट्टा मिळाला तेव्हा साठीत असलेला माणूस आज हयात असेलच असे नाही. त्याचा सातबारा असता तर वारसांनी अर्ज केला असता, सहा-क मध्ये नोंद झाली असती, फेरफार मंजूर झाला असता. पट्टाच जर त्या तक्त्यांत नसेल तर वारसाचा फेरफार कोणत्या ओळीवर घ्यावयाचा? पत्नीचे नाव पट्ट्यावर असेल तर तिचा हक्क निदान कागदावर शाबूत राहतो. मुलांची पाळी आली म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीतील कागदावर मृत माणसांचीच नावे उरतील. कायद्याने दिलेला वारसाहक्क कोणी नाकारलेला नसताना अशा रीतीने निकामी होऊ शकतो.

रकान्यातील नोंदीचे वजन किती असते, याचा पूर्व विदर्भाला वेगळाही अनुभव आहे. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात गावाजवळच्या खुरट्या झुडपांच्या पडीक जमिनीपुढे ‘झुडपी जंगल’ असे लिहिले जाई. ते जमिनीचे वर्णन होते; गुरे चारावयाची आणि काट्याकुट्या आणावयाची ती जागा. १९८० चा वन संवर्धन कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा आदेश यांनंतर त्या वर्णनातील ‘जंगल’ या शब्दाला कायद्याचा अर्थ चिकटला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील ८६ हजार ४०९ हेक्टर जमिनीचा हा वाद अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला: झुडपी जंगल हे वनच मानावे, आणि १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी राज्याने केंद्राची मान्यता घ्यावी. निर्णयाच्या गुणदोषांत येथे शिरावयाचे नाही. कोण्या पटवाऱ्याने एका रकान्यात लिहिलेले दोन शब्द तीन पिढ्यांनंतर शाळा, घरे आणि शेते यांचे भवितव्य ठरवितात, एवढे लक्षात घ्यावे. रिकामा ठेवलेला रकानाही तितकाच बोलका ठरणार आहे.

वस्तुतः या बाबतीत सरकारवर बंधन आहे. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये जी सुधारणा झाली तिच्यातील १२-अ या नियमानुसार, हक्क मान्य झाल्यावर महसूल आणि वन खात्यांनी अंतिम नकाशा तयार करावयाचा आणि ते हक्क आपापल्या अभिलेखांत जास्तीत जास्त तीन महिन्यांत दाखल करावयाचे आहेत. वैयक्तिक पट्ट्यांप्रमाणेच हे सामूहिक हक्कांनाही लागू आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात तेराशेहून अधिक गावांना तो मिळाला. येथे हक्कधारक व्यक्ती नसून ग्रामसभा आहे. खातेदार म्हणजे एक माणूस आणि त्याच्या बापाचे नाव, अशा समजुतीने आखलेल्या तक्त्यात ग्रामसभेला जागा कोठे, हे कोणी तरी ठरवून नमूद केले पाहिजे. नाही तर त्या जंगलाच्या ओळीत वन विभागाचेच नाव एकटे राहील आणि उद्या एखाद्या प्रकल्पासाठी जमीन पाहणाऱ्याला तेवढेच दिसेल.

तेव्हा करावयाचे काय? नवा कायदा नको आणि नवे यंत्रही नको. डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रशासकाच्या हाती अधिकार वाटण्याची सोय असते: कोणी नवी ओळ घालावी, कोणी बदल करावा, कोणी केवळ पाहावे आणि विचारावे, हे प्रत्येकासाठी वेगळे ठरविता येते. आज गावाला आपल्या एका गटाचा एक उतारा पाहता येतो. आपल्या गावातील सर्व पट्टे एका बाजूस आणि सर्व सातबारे दुसऱ्या बाजूस ठेवून न जुळणाऱ्या ओळी दाखवा, असे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला द्यावा. तिला त्यात काही बदलता येऊ नये, एवढा बंदोबस्त एका आज्ञेने होतो. आधार क्रमांक आणि बँकखाते यांचे रकाने झाकून बाकीचे दाखविण्याचीही सोय या शास्त्रात प्रथमपासून आहे. यास्तव खासगीपणाचा आक्षेप येथे टिकत नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम चार तर अभिलेख सूचीबद्ध व संगणकीकृत करण्याचे कर्तव्य २००५ पासूनच कार्यालयांवर टाकते.

याला आपल्याकडे चांगले पूर्वोदाहरणही आहे. २०१७ मध्ये हस्तलिखित आणि संगणकीय सातबारे ताडून पाहण्यासाठी राज्यात चावडी वाचन झाले होते. गावाने ऐकावे, चूक असेल तेथे हात वर करावा, आणि नोंद दुरुस्त व्हावी, ही ती पद्धत. तेच वाचन वनपट्ट्यांचे व्हावे. जिल्हास्तरीय वनहक्क समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि महसुली अभिलेखही त्यांच्याच अधिपत्याखाली येतो, म्हणजे दोन्ही तक्ते एकाच टेबलावर आहेत. न जुळणाऱ्या पट्ट्यांची गाववार यादी काढून ती ग्रामसभेत मराठीत आणि जेथे गरज असेल तेथे माडिया-गोंडीत वाचून दाखविण्यास जो काळ लागेल तो महिन्यांत मोजावा लागेल, वर्षांत नव्हे. मृत धारकांच्या वारसांची नावे त्याच बैठकीत घेता येतील, कारण कोण कोणाचा मुलगा हे ग्रामसभेला सर्व्हरपेक्षा पक्के ठाऊक असते. हे वाचन मात्र उन्हाळ्यात, तेंदू हंगाम संपता संपता उरकावे. पुढे पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो.