भांडण एकाशी, समझोता दुसऱ्याशी

थोडं लांबणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

"आता फक्त सौदीची सही बाकी आहे, ती झाली की पश्चिम आशियात शांतता." गेल्या पाच-सहा वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. परवा एका चांगल्या शिकल्यासवरल्या मित्रानं पुन्हा तेच पाठवलं. सोबत नकाशा, त्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून दुबई, सौदी, जॉर्डन करत हैफा बंदरापर्यंत काढलेला जाड बाण. म्हणून हे लिहितोय.

गावाकडे बांधावरून भांडणं होतात ती सगळ्यांना माहीत आहेत. ज्याचा बांध कोरलाय त्याच्याशी एक शब्द न बोलता तालुक्याच्या आडत्याशी हात मिळवला, त्याच्यासोबत फोटो काढला, तर बांधाचं भांडण मिटलं असं कोणी म्हणेल का? आडत्याशी तुमचं भांडण होतंच कधी?

अब्राहम करार म्हणजे नेमकं हे. १५ सप्टेंबर २०२०ला व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर संयुक्त अरब अमिराती आणि बहारीन यांनी सह्या केल्या. या दोघांचीही इस्रायलशी एक इंच सीमा नाही. मग मोरोक्को आला, त्याच्या पदरात अमेरिकेनं पश्चिम सहारावरची मान्यता टाकली. सुदान आला, त्याचं नाव दहशतवादाच्या यादीतून निघालं. म्हणजे किंमत मोजली अमेरिकेनं, ती पण दुसऱ्याच्या खिशातून. आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तर कमालच झाली, कझाकस्तान या करारात सामील होत असल्याची घोषणा झाली. अहो, कझाकस्तानचे इस्रायलशी १९९२पासून राजनैतिक संबंध आहेत! लग्नाला तीस वर्षं झालेल्या जोडप्याचा साखरपुडा करण्यातला प्रकार.

हे करार वाईट आहेत असं मी म्हणत नाही. विमानं उडाली, व्यापार वाढला, गाझाच्या युद्धातही अमिरातीनं संबंध तोडले नाहीत. पण हा व्यापार आहे, त्याला व्यापार म्हणा. शांतता म्हणू नका.

खरा शांतता करार कसा असतो हे बघायचं तर १९७९चा इजिप्तचा करार बघा. १९७३ला हे दोन देश सिनाईत रणगाडे घेऊन एकमेकांवर चालून गेले होते. नोव्हेंबर १९७७ला सादात स्वतः जेरुसलेमला गेले. समोर बेगिन, ते काही डावे-बिवे नव्हते, पक्के उजवे. तरी इस्रायलनं अख्खं सिनाई परत दिलं, एप्रिल १९८२पर्यंत. तिथली यामित ही स्वतःच वसवलेली वसाहत स्वतःच्याच सैन्याकडून रिकामी करून बुलडोझर फिरवला. सादात यांनी १९८१ला जीव देऊन किंमत मोजली, आणि अरब लीगनं इजिप्तला दहा वर्षं बाहेर ठेवलं. हा करार मुस्लिम ब्रदरहूडच्या सरकारातही टिकला, गाझाच्या युद्धातही टिकला. का टिकला? ज्याच्याशी भांडण त्याच्याशीच केला, आणि जमीन परत दिली म्हणून.

पण त्याच कॅम्प डेव्हिडला दुसराही एक मसुदा होता. वेस्ट बँक आणि गाझाला स्वायत्तता, पाच वर्षांचा संक्रमणकाळ. तो कागदावरच राहिला. आज जे चाललंय ते त्या अर्धवट सोडलेल्या कामाचं आहे.

इथं लगेच कोणीतरी म्हणणार, पॅलेस्टिनींनीच प्रत्येक वेळी लाथाडलं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. १९६७ला खार्तुममध्ये अरबांनी "वाटाघाटी नाहीत, मान्यता नाही, शांतता नाही" असा ठराव केलाच होता. ऑस्लोनंतर हमासनं बसमध्ये बॉम्ब फोडले, ७ ऑक्टोबर २०२३ला सुमारे १२०० माणसं मारली. रामल्लातल्या प्राधिकरणानं २००६नंतर संसदेची निवडणूक घेतलेली नाही. पण मग मार्च २००२चंही बोला. बैरुतमध्ये सौदीच्या पुढाकारानं अख्ख्या अरब लीगनं लेखी देऊ केलं: १९६७ला घेतलेली जमीन सोडा, पूर्व जेरुसलेम राजधानी असलेलं पॅलेस्टाइन होऊ द्या, निर्वासितांचा न्याय्य तोडगा काढा, आम्ही सगळे तुमच्याशी संबंध ठेवतो. ती परिषद चालू असतानाच हमासनं नेतान्याच्या हॉटेलात सणाच्या जेवणावर स्फोट केला, ३० माणसं गेली. दोन दिवसांत इस्रायली रणगाडे रामल्लात. प्रस्ताव तिथंच धुळीत गेला. २००७ला रियाधमध्ये तो पुन्हा मांडला. इस्रायलच्या एकाही सरकारनं तो पाया म्हणून स्वीकारला नाही. प्रादेशिक शांततेचा मसुदा वीसपेक्षा जास्त वर्षं टेबलावर पडलाय, आणि लोक नवा शोधतायत!

ऑस्लोच्या वेळी वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम सोडून, लाखाच्या आसपास इस्रायली वसाहतकार होते. आज पाच लाखांच्या आसपास आहेत. वाटाघाटी चालू होत्या तेव्हाही वाढले, बंद पडल्या तेव्हाही वाढले.

सप्टेंबर २०२३ आठवा. दिल्लीत जी-२०मध्ये तो आर्थिक कॉरिडॉर जाहीर झाला, मित्राच्या नकाशातला बाण तोच. २२ सप्टेंबरला नेतान्याहूंनी संयुक्त राष्ट्रांत "नवा मध्यपूर्व" म्हणून नकाशा दाखवला, त्यावर वेस्ट बँक आणि गाझा वेगळे दाखवलेलेच नव्हते. पंधरा दिवसांनी ७ ऑक्टोबर उजाडला. त्यानंतर गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे ऑक्टोबर २०२५च्या शस्त्रविरामापर्यंत ६७ हजारांहून जास्त माणसं मेली. नकाशावरून पुसली तरी माणसं तिथंच असतात राव.

आपल्याकडे याची क्रिकेट मॅच झालीय. अर्धे इकडून टाळ्या, अर्धे तिकडून. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली तिकडे जाऊन राहिलेत, आपली किती घरं दुबई-दोह्याच्या पगारावर चालतात. सप्टेंबर २०२५ला इस्रायलनं दोह्यावर हल्ला केला तेव्हा ज्यांची पोरं तिथं आहेत त्यांना विचारा, मॅच कशी वाटली.

सौदी सही करेल का? युवराज सांगतायत की पॅलेस्टिनी राज्याचा रस्ता दाखवा, मग करतो. जुलै २०२४ला इस्रायलच्या संसदेनं ६८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टिनी राज्यालाच विरोध करणारा ठराव केला. ऑगस्ट २०२५ला ई-१ भागातल्या सुमारे ३४०० घरांना मंजुरी मिळाली. पूर्व जेरुसलेम आणि माले अदुमिम यांच्या मधली ही जागा. तिथं बांधकाम झालं की वेस्ट बँकचे उत्तर-दक्षिण दोन तुकडे पडल्यासारखेच. तेव्हा मित्रा, तू रियाधच्या समारंभाची वाट बघ. माझं लक्ष ई-१वर आहे, तिथं पाया खणला जातोय की नाही त्यावर.