योद्ध्याने काय शिकावे?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या वस्तीतल्या मंडळात एका अभ्यासू गृहस्थांचे व्याख्यान झाले. विषय होता होळकरशाहीचा उदय आणि अस्त. इंदुरात हा विषय म्हणजे घरचेच कार्य. मांडव भरलेला होता. समारोपात वक्त्यांनी दोन विधाने केली आणि दोन्हींना टाळ्या पडल्या. पहिले असे, की मराठ्यांनी गनिमी कावा सोडून फिरंगी कवायत धरली आणि तिथेच राज्य बुडाले. दुसरे असे, की आजची पोरे कॉम्प्युटरवर खोट्या लढाया लढत बसतात, त्यांना यशवंतराव ठाऊक नाही, तेव्हा त्यांच्या हातून काही व्हायचे नाही.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. अंगी शिष्टपणा आहे म्हणून नव्हे. तीस वर्षे मुलांचे पेपर तपासल्यावर एक खोड लागते. पूर्ण चूक उत्तरापेक्षा अर्धे बरोबर उत्तर जास्त खुपते. ही दोन्ही उत्तरे अर्धी बरोबर आहेत, आणि दोन्हींत चूक एकच आहे.

घरी आलो तर धाकटा चिरंजीव अशाच एका खोट्या लढाईत बसला होता. खेळाचे नाव एव्हरक्वेस्ट. १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेला हा खेळ अजून चालू आहे आणि त्याचे जुन्या धर्तीचे सर्व्हरही चालवले जातात. जगभरची माणसे एकाच वेळी त्यात उतरतात. कोणी वैद्य होतो, कोणी मांत्रिक, कोणी योद्धा. आमचे चिरंजीव योद्धा. पण त्या रात्री तो लढत नव्हता. गालावर हात ठेवून पडद्यावरची एक यादी वाचत होता. मी म्हटले, "जेवायला चल." तो म्हणाला, "बाबा, दोन मिनिटे. एक गुण मिळालाय, कुठे घालायचा ते ठरवतोय. ह्या एका गुणासाठी दोन संध्याकाळी गेल्यात."

गुण हा शब्द कानावर आला की मुख्याध्यापकाचे कान टवकारतातच. मी खुर्ची ओढली.

त्याने सांगितले ते असे. लढताना योद्ध्याला अनुभव मिळतो. अनुभव साठला की पायरी चढते, जशी आपल्याकडे इयत्ता. एकावन्नाव्या पायरीनंतर मात्र खेळाडूला विचारले जाते की यापुढचा अनुभव पायरी चढण्यात घालायचा, की अंगी नवी कौशल्ये आणण्यात? शेकडा किती इकडे आणि किती तिकडे, हे त्याने ठरवायचे. सगळा पायरीत घातला तर आकडा भराभर वाढतो, पण योद्धा पोकळ राहतो. कौशल्यांनाही क्रम आहे. पहिल्या थरात साधी कौशल्ये: भूक कमी लागणे, पाय जलद उचलणे, जखम लवकर भरणे. तिथे सहा गुण खर्चल्याशिवाय दुसरा थर उघडत नाही आणि दुसऱ्यात बारा खर्चल्याशिवाय योद्ध्याची म्हणून जी खास विद्या आहे तिचा तिसरा थर उघडत नाही.

दुसऱ्या थरात तो अडला होता. एक कौशल्य असे की शत्रूवर मधूनमधून दुप्पट जोराचा घाव बसावा. दुसरे असे की शत्रूचा घाव आपल्याला कमी लागावा. मी विचारले, "यात विचार कसला? योद्धा आहेस, मारायचे घे." तो हसला. "बाबा, मारायला मागे दुसरे आहेत. योद्ध्याचे काम समोर उभे राहायचे. राक्षसाचे लक्ष माझ्यावर राहिले पाहिजे. मी पडलो की तो वैद्यावर जातो, वैद्य पडला की सगळे पडतात." आणि त्याने घाव सोसण्यात तो गुण घातला.

वाचकहो, एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडून मी हे ऐकले, आणि त्या मांडवातला टाळ्यांचा कडकडाट मला पुन्हा आठवला.

आता पहिले विधान घेऊ. योद्ध्याने कोणती विद्या घ्यावी हा प्रश्न होळकरांच्या घराण्यात तीन पिढ्या विचारला गेला. पानिपतावर मल्हारराव गनिमी काव्याचा आग्रह धरीत होते, सदाशिवरावभाऊंचा भर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर आणि कवायती पलटणींवर होता. १४ जानेवारी १७६१ ला काय झाले ते सर्वांना माहीत आहे, आणि तेव्हापासून मल्हाररावांचे मत म्हणजे जणू वेदवाक्य झाले. पण पुढे पाहा. १७९३ साली लाखेरीला तुकोजीरावांची फौज महादजी शिंद्यांच्या, म्हणजे द बॉयनने तयार केलेल्या, पलटणींपुढे साफ मोडली. घोडेस्वारी होळकरांकडेही थोडी नव्हती. ऑक्टोबर १८०१ मध्ये तर आमचे हे इंदूरच शिंद्यांच्या फौजेने लुटले. यशवंतरावांनी तो मार खाऊन विचार केला आणि दोन्ही विद्या घेतल्या. २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचा दिवस. पुण्याजवळ हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेला त्यांनी हरवले ते पलटणी, तोफा आणि स्वतः पुढे होऊन चालवलेले घोडदळ यांच्या मिलाफाने. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पिटाळले ते प्रामुख्याने घोड्यांच्या जोरावर.

मग हार कुठे झाली? १३ नोव्हेंबर १८०४ ला डीगला होळकरांच्या पलटणी आणि तोफा अशा झुंजल्या की इंग्रजांचा सेनापती फ्रेझर त्या जखमेने मेला. लढाई गेली, पण सहज गेली नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, फर्रुखाबादेला यशवंतरावांचे घोडदळ तळावर झोपेत सापडले. जनरल लेकने शेवटच्या चोवीस तासांत पन्नासाहून अधिक मैल दौड मारून पहाटे छापा घातला. म्हणजे ज्या विद्येला आपण आपली मिरास समजतो, त्याच विद्येने शत्रूने आपल्याला मारले! गनिमी कावा सोडला म्हणून हरलो म्हणणाऱ्यांनी फर्रुखाबादचे उत्तर द्यावे.

आणि कवायत धरली म्हणून हरलो म्हणणाऱ्यांनी लासवारीचे द्यावे. १८०३ साली शिंद्यांचा फिरंगी सरदार पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला निघून गेला, त्याच्यामागून बाकीचे अंमलदारही गेले. तरी १ नोव्हेंबरला लासवारीला त्या पलटणींतले आपले शिपाई तोफांपाशी उभे राहून मेले. विद्या त्यांच्या अंगी मुरलेली होती. मुरली नव्हती ती वरची विद्या: फौजेची आखणी, हुकूमत, तोफखान्याचा हिशेब. ती आपण पगारावर आणली. यशवंतरावांना १८०४ मध्ये आपल्या नोकरीतल्या तीन इंग्रज अंमलदारांची डोकी मारावी लागली, कारण ते इंग्रजांशी लढायला तयार नव्हते. खालच्या थरात गुण न घालता वरचा थर विकत घेतला की असेच होते. पुढे यशवंतरावांनी भानपुऱ्याला स्वतःच्या देखरेखीखाली तोफा ओतायला घेतल्या, तेव्हा त्यांना हे कळले होते असे मला वाटते. पण वेळ उरला नव्हता. १८११ साली ते तिथेच वारले. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेकाठी महिदपूरला त्या तोफखान्याने इंग्रजांची साडेसातशेहून अधिक माणसे मारली वा जखमी केली. घोडदळ मात्र टिकले नाही, आणि दरबार तर त्याआधीच फुटला होता. आदल्या रात्री तुळसाबाईंना आपल्याच माणसांनी मारले होते. पंधरवड्यात मंदसोरचा तह झाला.

म्हणून माझे म्हणणे असे की हार विद्येच्या निवडीत नव्हती. ती विद्या आपल्या अनुभवातून कमावली की दुसऱ्याच्या हातून आणली, आणि ज्याच्यासाठी उभे राहायचे तो मागे आहे की नाही, यात होती.

आता दुसरे विधान. खोट्या लढाया. मी त्या खेळाची वकिली करीत नाही. तो झोप खातो, डोळे खातो, परीक्षेच्या महिन्यात मी स्वतः घरातले इंटरनेट बंद करतो आणि शिव्याही खातो. शिवाय त्या जगातही आपल्यासारखी माणसे आहेत. पैसे मोजून तयार योद्धा विकत घेणारे आहेत. कोणीतरी लिहिलेली यादी समोर ठेवून गुणांमागून गुण टाकणारेही आहेत. मी विचारले, असा योद्धा ओळखू येतो का? चिरंजीव म्हणाला, "पहिल्याच लढाईत. आकडा मोठा असतो, पण कधी काय करायचे ते कळत नाही. मग कोणी त्याला बरोबर घेत नाही."

हे वाक्य ऐकून मी गप्प बसलो, कारण ते मला लागले होते.

थोरल्या मुलाच्या वेळी मी काय केले? दहावीला त्याला भाषेत आणि इतिहासात उत्तम गुण होते. मी एक यादी समोर ठेवली, जी या शहरातला प्रत्येक सुशिक्षित बाप ठेवतो: गणित, शिकवणी, परगावची तयारी, इंजिनियरिंग. त्याचा शंभर टक्के अनुभव मी पायरीत घातला. दीड वर्षाने तो परगावाहून परत आला, अंगाने अर्धा झालेला. स्टेशनवर मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो मागच्या चाचणीत किती मिळाले हा. त्याने सांगितले आणि मग घरी येईपर्यंत तो बोलला नाही. आज तो नोकरीला आहे, पगार चांगला आहे. फोनवर आमचे बोलणे हवापाण्यापुढे जात नाही. त्याला कोणी विचारलेच नव्हते की तुझा गुण तू कुठे घालतोस.

इंदूरसारख्या दुभाषी मुलखात या यादीतून सर्वांत आधी खोडली जाते ती मराठी. शाळेत पालक येतात, आडनाव अस्सल, आजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून, आणि विचारतात, "सर, मराठी घेऊन क्या फायदा?" वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपते, तिथेच उत्तर आहे. हिंदी या मातीची भाषा आहे, तिच्यावर माझा राग नाही. इंग्रजी पोटाची आहे, तिच्याशिवाय चालणार नाही. पण मराठी हा पहिल्या थरातला गुण आहे. कमी भूक, जलद पाय आणि भरणाऱ्या जखमा यांच्या रांगेतला. दिसायला क्षुल्लक. तो नसला की वरचे थर उघडतात ते दुसऱ्याच्या किल्लीने, पेराँच्या किल्लीने.

आणि त्याही आधीची गोष्ट, योद्धा कोणासाठी उभा आहे? माझ्या धाकट्याला हे माहीत होते, मागे वैद्य आहे. आपण मुलांना वेग शिकवतो, घाव घालणे शिकवतो. घाव सोसून कोणाला तरी मागे सुरक्षित ठेवणे ही विद्या कोणत्या शिकवणीत मिळते? ज्या मुलाने ती दोन संध्याकाळी कष्ट करून निवडली, त्याला निरुद्योगी म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही. यशवंतरावही त्याला ठाऊक नव्हते हे खरे. त्या रात्री जेवताना मी हडपसर सांगितले. त्याने भात चिवडत विचारले, "मग त्यांनी स्वतःचे अंमलदार का नाही तयार केले?" मांडवातल्या दोनशे माणसांत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

त्या व्याख्यात्यांना माझी नम्र विनंती आहे, पुढच्या वर्षी व्याख्यानाला या पोरांना पहिल्या रांगेत बसवा आणि शेवटी प्रश्न त्यांना विचारू द्या. आणि पालकांना एवढेच सांगणे, की फराळाचे ताट पुढे सरकवताना या दिवाळीत मुलाला टक्के विचारू नका. त्याने आपला गुण कुठे घातला ते विचारा, आणि तो सांगेल ते पुरते ऐकून घ्या.

मी थोरल्याला फोन करणार आहे. प्रश्न विचारायला दहा वर्षे उशीर झाला आहे, पण तो काय म्हणतो ते ऐकायचे आहे.