फटफट नसलेली फटफटी

फटफटी या शब्दाचे यापुढे करायचे काय, असा एक नवाच पेच मराठी भाषेपुढे उभा राहिला आहे. वस्तू जो आवाज करील त्यावरून तिला नाव देण्याची आपली जुनी रीत. परंतु आमच्या लासलगावच्या रस्त्यांवर हल्ली हिरव्या पाटीच्या अशा काही दुचाक्या फिरू लागल्या आहेत, की त्या अंगाला घासून गेल्या तरी फट् नाही की फुस् नाही. बाजार समितीत लिलाव असला म्हणजे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते; हॉर्न, हाकाट्या, हमालांची घाई असा नुसता कल्लोळ असतो. त्यातून ही गाडी मांजराच्या पावलांनी निघून जाते. शेजारचे नाना परवा दचकून बाजूला झाले आणि म्हणाले, "सर, ही आली कधी अन् गेली कधी? पूर्वी जावई फटफटीवर आला की वेशीपासून कळायचं!"

नानांची तक्रार आवाजाची. मला मात्र या गाडीत दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. चालवणाऱ्याला करण्यासारखे हिच्यात फारसे काही उरलेलेच नाही. संपादकांनी दिवाळीनिमित्त नेहमीच्या दीड रकान्याची अट सैल केली आहे, तेव्हा हे प्रकरण जरा ऐसपैस मांडतो.

आमच्या तरुणपणी मोटारसायकल चालवणे ही कला होती आणि ती सुरू करणे ही विद्या. दूधवाल्यांची राजदूत घ्या. सकाळी आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, थंडी असेल तर चोक ओढायचा, मग किक. दहा-बारा किका झाल्या आणि गाडीने दाद दिली नाही, की प्लग काढायचा, फुंकर मारायची, पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा बसवायचा. येझदीची तऱ्हा और. तिची किक आणि तिचा गिअर हा एकच दांडा. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून त्याचा गिअर करायचा. नवशिक्याला हे सांगून पटत नसे. बुलेटवाल्यांचा तर वेगळा पंथच होता. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. म्हणजे इतर गाड्यांच्या बरोबर उलट. सुरू करताना डाव्या हाताचा एक बारीक खटका दाबून, टाकीजवळच्या काट्यावर डोळा ठेवून, काटा मध्यावर आला की जोर लावायचा. चुकलात तर किक उलटून नडगी फोडणार. आमच्या गावातल्या एका बुलेटवाल्या बागाइतदारांच्या नडगीवरचा व्रण ते लढाईत मिळालेल्या पदकासारखा दाखवीत.

स्कूटरवाले स्वतःला जरा सभ्य समजत. पण बजाजची चेतक सकाळी आडवी कलवून, बाळाला पाजल्यासारखी तिला पेट्रोल पाजण्याचा विधी त्यांनाही चुकला नव्हता. शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचे याचे प्रत्येकाचे शास्त्र निराळे. त्या शास्त्रावरून पेट्रोल पंपावर दोन सज्जनांची जुंपलेली मी पाहिली आहे.

हे सगळे आठवले की मन हळवे होते हे खरे. मीही त्या विद्येचा थोडाफार जाणकार होतो. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की घरात गाडी आली तरी ती सगळ्या घराची होत नसे. ती एकाची असे. ज्याला तिच्या खोड्या ठाऊक तो तिचा मालक, आणि बाकीची मंडळी मागच्या सीटवर. आई, बायको, बहीण यांची तर जागा ठरलेलीच: एका अंगाने बसायचे, पदर सावरायचा, आणि मालकाच्या सवडीची वाट पाहायची.

आता गिअर आणि क्लच यांची भानगड मुळात असते कशाला, हे दोन वाक्यांत सांगतो. पेट्रोलचे इंजिन जागेवरून भार उचलू शकत नाही. ते मिनिटाला हजारेक फेरे फिरत असेल तरच जिवंत. त्याखाली गेले की मेले. चाक तर उभे आहे. मग फिरते इंजिन आणि उभे चाक यांची गाठ हळुवारपणे घालून द्यायला क्लच, आणि इंजिनाचा तोकडा जोर चढाला, भाराला, वेगाला पुरवून पुरवून वापरायला गिअर. चालवणाऱ्याचा डावा हात आणि एक पाय आयुष्यभर या मध्यस्थीत गुंतलेला. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पुरा जोर लावते. तिला मध्यस्थ लागत नाही. मूठ पिळली की निघाली, सोडली की मंदावली. बऱ्याच गाड्यांत तर मंदावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. किक नाही, कॉक नाही, चोक नाही, ऑइल नाही. दोन ब्रेक, एक मूठ, संपली गाडी.

आमच्या निफाड तालुक्याला हा फरक नवा वाटण्याचे कारण नाही. विहिरीवर आम्ही तो केव्हाच पाहिला आहे. मोट गेली आणि ऑइल इंजिन आले, तेव्हा ते सुरू करणे हे घरातल्या दांडग्या पुरुषाचे काम होते. हँडल लावून जड चाक गरागरा फिरवायचे, नेमक्या क्षणी खटका सोडायचा, आणि हँडल वेळीच काढून घ्यायचे. नाहीतर मनगट गेले. मग विहिरीवर वीज आली, पत्र्याच्या पेटीत हिरवे आणि लाल अशी दोन बटणे आली. त्यानंतर शाळेत निघालेल्या पोरीला आई सांगू लागली, "जाता जाता मोटर चालू करून जा गं." इंजिन चालू करून जा, असे कोणी कोणत्या पोरीला सांगितल्याचे मला आठवत नाही. पाणी तेच, विहीर तीच. अधिकार मात्र एका मनगटातून सुटून घरभर वाटला गेला. रस्त्यावर आज जे चालले आहे ते याचेच पुढचे पाऊल आहे, असे माझे मत आहे.

मधली पावले झाली नाहीत असे नाही. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना आणली. तिला गिअर नव्हता आणि पायडल होते. पेट्रोल संपले तर पाय मारत घरी या! बुलेटवाले तिला हसले. पण मास्तर, पोस्टमन आणि नोकरी करणाऱ्या बायका तिच्यावर बसून वेळेवर कामावर पोचल्या. १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तिला गिअर तर नव्हताच, सुरूही बटणाने होई. त्या गाडीने शहरातल्या किती बायकांना मागच्या सीटवरून पुढे आणले याचा हिशेब एखाद्या इतिहासकाराने मांडायला हवा. योग असा की १९७२ सालच्याच चेतकचे नाव २०२० मध्ये आणि लुनाचे २०२४ मध्ये विजेच्या गाडीवर पुन्हा लागले. नव्या लुनेला पायडल नाही.

आता आमच्या वहिनींची गोष्ट. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाच्या पत्नी. त्या अंगणवाडी सेविका आहेत आणि त्यांची अंगणवाडी मळ्यातल्या वस्तीवर, गावापासून चार किलोमीटर. आमच्याकडे वस्त्या शेतांतून विखुरलेल्या. तिकडे ना एस. टी. जाते, ना रिक्षा. इतकी वर्षे वहिनींची सकाळ एकाच प्रश्नाने उजाडायची: आज कोण सोडणार? भाऊ मोकळे असले तर भाऊ, नाहीतर पुतण्या, नाहीतर दूध घालून परत निघालेला कोणी ओळखीचा. तोही नसला तर पायी. निफाडला बैठक असली म्हणजे भावांचा अर्धा दिवस मोडायचा, आणि तो मोडल्याचे संध्याकाळपर्यंत घरात ऐकू यायचे. वस्तीवर एखादे मूल तापाने फणफणले आहे असा दुपारी निरोप आला, तर वहिनी आधी फोन हातात घेत, तो गाडीवाला शोधायला.

भावांनी त्यांना मोटारसायकल शिकवण्याचा एकदा प्रयत्न केला होता. शाळेच्या मैदानावर हा समारंभ झाला. भाऊ मागे बसले आणि कानाशी ओरडू लागले, "क्लच हळू सोड. हळू म्हणतो ना! गिअर कुठे टाकलास? अगं, हळू!" गाडी तीनदा आचके देऊन बंद पडली, चौथ्यांदा उडी मारून निघाली. क्रिकेट खेळणारी पोरे खेळ सोडून बघत उभी राहिली. वहिनी उतरल्या, पदर खोचला आणि चालत घरी गेल्या. विषय वीस वर्षांसाठी मिटला.

मागच्या पाडव्याला त्यांच्या मुलाने विजेची स्कूटर घेतली, ती स्वतःसाठी. एका दुपारी तो झोपला असताना वहिनींनी ती बाहेर काढली. शाळेत असताना त्या सायकल चालवत. तोल सांभाळण्याची तेवढी पुंजी शिल्लक होती आणि ती पुरली. अर्ध्या तासात मैदानाला दहा चकरा मारून त्या आमच्या दारात आल्या. चेहरा घामेजलेला आणि डोळ्यांत रागाची छटा. म्हणाल्या, "भाऊजी, यात शिकण्यासारखं काही नाहीच की! मग इतकी वर्षं मला येणार नाही, येणार नाही म्हणत होते, ते काय?"

मी काय उत्तर देणार? सौ. मात्र आतून म्हणाली, "वहिनी, उद्या मला मागे बसवून बाजारात न्या."

पुढे त्यांनी बिनगिअरच्या गाडीचा परवाना रीतसर काढला. (जिचा वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा आणि मोटर २५० वॉटपेक्षा जास्त नाही, तेवढ्याच गाडीला परवाना आणि नोंदणी लागत नाही. दुकानदार कोणतीही गाडी त्या सदरात ढकलू लागला तर वाचकांनी कागद पाहावेत.) आता त्या वस्तीवर जातात, विंचूरला माहेरी जातात, आणि दुपारचा निरोप आला तर फोनऐवजी किल्ली हातात घेतात. मुलाला गाडी हवी असली तर तो आईला विचारतो.

कोणी म्हणेल, लेखकाने विजेच्या गाड्यांची एजन्सी घेतलेली दिसते. तसे काही नाही. या गाडीच्या साधेपणाला खाचखळगे आहेत. पहिली गोष्ट, उभी असताना ती चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही. अंगणात लावलेल्या गाडीची मूठ नातवाने सहज पिळली आणि गाडी तुळशीवृंदावनावर गेली, असे घडू शकते. किल्ली काढल्याशिवाय उतरायचे नाही, हा नियम घरात सर्वांनी पाळावा. दुसरी गोष्ट आगीची. २०२२ सालच्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या. नाशिकातही एका कंटेनरमधल्या गाड्या जळाल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. तरीसुद्धा कंपनीचाच चार्जर वापरावा आणि रात्रभर पलंगाशेजारी बॅटरी लावून निजू नये. तिसरी, अंतराची. नाशिक आमच्यापासून साठेक किलोमीटर. जाऊन येऊन एका दमात निभेल याचा भरवसा सगळ्याच गाड्यांचा देता येत नाही. आणि चौथी, लाइटची. बॅटरी भरायला तीन-चार युनिटे लागतात, म्हणजे लिटरला शंभरीपार गेलेल्या पेट्रोलपुढे खर्च काहीच नाही; पण वळवाच्या पावसात खांब पडला आणि वस्तीवरची लाइट दोन दिवस गेली, तर स्वस्त वीज काय कामाची? वहिनी म्हणूनच गाडी अर्ध्यावर आली की लगेच चार्जिंगला लावतात, घरात पिठाचा डबा अर्धा झाला की दळण काढून ठेवावे तशा.

आवाजाची हौस असणाऱ्यांचीही सोय झालेली आहे म्हणा. २०१९ साली रिव्होल्ट कंपनीने विजेची मोटारसायकल आणली, तिच्यात हौसेखातर इंजिनाचे आवाज भरून दिले होते. हवा तो निवडा आणि वाजवा. नानांना हे सांगितले तेव्हा त्यांना मोठी मौज वाटली.

मला खरी रुखरुख लागते ती आमच्या मिस्त्रींची. स्टेशन रस्त्यावर त्यांचे गॅरेज आहे. म्हणजे एक कडुनिंब आणि त्याखाली एक पत्र्याची पेटी. लांबून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ते सांगत, टॅपेट वाजतोय की चेन सैल आहे की रिंगा गेल्या. वैद्याने नाडी पाहावी तसे. दोन हजार लोकवस्तीच्या खेड्यातही असा एक माणूस असे आणि त्याच्या जिवावर फटफट्या दूरदूर चालत. आषाढात वहिनींची गाडी एकदा अचानक बंद पडली. मिस्त्रींनी तिला चहूबाजूंनी पाहिले, कान लावला. कान लावून ऐकायचे तरी काय? शेवटी गाडी पिकअपमध्ये घालून नाशिकला न्यावी लागली. तिथे तिला संगणक जोडला, चार दिवस ठेवून घेतली आणि परत दिली. काय बिघडले होते ते कोणी सांगितले नाही. मिस्त्री म्हणाले, "सर, हिला पान्हा लागत नाही, पासवर्ड लागतो."

चालवायला जी गाडी इतकी सोपी, ती दुरुस्त करायला लासलगावात माणूस नाही, ही गोष्ट काही चांगली नव्हे. विहिरीवरची मोटर जळाली तर ती भरून देणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळतो; कारण कोणी तरी त्याला ती विद्या शिकवली. गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी आणि आय. टी. आय.वाल्यांनी मिस्त्रींसारख्यांना बोलावून महिना-दोन महिने शिकवले तर ते शिकणार नाहीत काय? पन्नाशीच्या माणसाने इंजिनाचे दोनशे तुकडे सुटे करून अंधारात पुन्हा बसवलेले आहेत. वायरी आणि कनेक्टर त्यांना जड जाणार नाहीत. फक्त पेटीचे कुलूप त्यांच्यासाठी कोणी तरी उघडले पाहिजे.

परवा वसुबारसेला वहिनी त्या कडुनिंबाखालून चालल्या होत्या, तेव्हा मिस्त्रींनी त्यांना हात करून थांबवले. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून मागचे चाक पाहिले, अंगठ्याने टायर दाबला.

"वहिनी, पंक्चर तर होतं ना हिला?"

"होतं की!"

"ब्रेकचे लायनर?"

"तेही झिजलेत म्हणे."

मिस्त्रींनी पेटी उघडली आणि पान्हा काढला.