एका ‘मोफत’ रात्रीचा हिशेब

मॅरियट बॉनव्हॉय आणि एचडीएफसी बँक यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त क्रेडिट कार्ड आणले, तेव्हा त्याचे वार्षिक शुल्क ३,००० रुपये होते. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ३,५४०. त्या बदल्यात स्वागताची भेट म्हणून हॉटेलातील एक रात्र, १५,००० पॉइंटांच्या मर्यादेत. दहा हजारांची खोली साडेतीन हजारांत मिळते, तेव्हा नफा उघडच आहे, असा हिशेब सुशिक्षित घरांत मांडला जातो. तो अपुरा आहे.

माझे बहुतेक मुक्काम सरकारी विश्रामगृहांत झाले; त्यामुळेही असेल, पण मला वेगळा प्रश्न आधी सुचतो. ही भेट नसती, तर त्या रात्रीसाठी मी खिशातून किती दिले असते? चार हजार दिले असते, तर भेटीचे मोल चार हजारच आणि लाभ अवघा ४६० रुपयांचा. शिवाय मॅरियटने २०२२ मध्ये पॉइंटांचे ठरावीक कोष्टक मोडीत काढले. मागणी वाढली की आकडा चढतो, आणि नेमकी सुट्टीतली रात्र मर्यादेबाहेर जाऊ शकते.

पॉइंट हे खासगी चलन आहे. ते पाडणारा आणि त्याचा भाव ठरवणारा एकच. राजे नाण्यातील चांदी कमी करीत, हे खरे. पण ते नाणे पारखायला बाजारात सराफ तरी बसलेला असे. ब्रिटनमध्ये दुकानदार खरेदीवर बक्षिसाची तिकिटे देत. १९६४ च्या कायद्याने अशा प्रत्येक तिकिटावर त्याचे रोख मूल्य छापणे बंधनकारक केले. आपल्याकडे पॉइंटांवर तसे काही छापलेले नसते.

या भेटींचा खर्च उचलतो कोण? काही भाग दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून येतो, काही थकबाकीवरील व्याजातून. दरमहा साडेतीन टक्के दराने ४०,००० रुपये तीन महिने थकले, तर चक्रवाढ सोडूनही ४,२०० रुपये व्याज आणि त्यावर ७५६ रुपये कर. मोफत रात्र तेथेच संपली. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. व्याजदराचे नियमन हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत मानला गेला.

तेव्हा अपेक्षाही रिझर्व्ह बँकेकडूनच. तिच्या २०२२ च्या निर्देशांनी कार्डाच्या अर्जासोबत व्याजदर व शुल्क सांगणारे एक पानी विवरण सक्तीचे केले. त्याच पानावर आणखी दोन ओळी हव्यात: पॉइंटाचे रुपयांतील किमान मूल्य, आणि ते घटवायचे झाल्यास किती दिवस आधी कळवणार. हॉटेल कंपनी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, असा आक्षेप निघेल. परंतु कार्ड बँकेचे आहे, आणि ही भेट पुढे करून ते विकतेही बँकच.