आधी दवाखाना

नेवासा तालुक्यातलं घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी ओळखलं जातं. अशा गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणूनच अत्याचार झालेल्या बाईच्या मनात आधी येतात ते लोक. स्वतःचं दुखणं नंतर.

याच जिल्ह्यातल्या कोपर्डीत जुलै २०१६ मध्ये एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. लाखोंचे मूक मोर्चे निघाले, २०१७ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. पण जी वाचते, तिच्यासाठी मोर्चा निघत नाही. तिला हवं असतं सोबत येणारं एक माणूस.

सोबत जायचं ते आधी दवाखान्यात. सरकारी असो वा खासगी, तिच्यावर मोफत प्रथमोपचार करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे; नाकारणं हा गुन्हा आहे. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत. कागदी पिशवीत ठेवायचे, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. अंघोळ झाली असली तरी जायचंच.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचं कारण चालत नाही. तिचं नाव उघड करणं गुन्हा आहे, हे गावातल्या मोबाइल ग्रुपांनीही ध्यानात ठेवावं. २०१३ पासूनच्या मनोधैर्य योजनेत अर्थसाहाय्य मिळतं.

पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. हे नंबर आजच घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून ठेवा.