आकाशराणीविरुद्धचे युद्ध आणि नाबोथचा द्राक्षमळा

ऑक्टोबर 1999 मध्ये तुर्कस्तानातील इफिस या प्राचीन नगरीच्या भग्न प्रेक्षागृहात अनेक देशांतून आलेले हजारो ख्रिस्ती भाविक एकत्र जमले आणि त्यांनी काही तास स्तवन-प्रार्थना केली. आयोजकांच्या लेखी ही एक युद्धमोहीम होती, आणि शत्रू होती अर्तमी देवी. जिच्या मंदिराची गणना एके काळी जगातील सात आश्चर्यांत होत असे, तिच्या त्या मंदिरातून आज दलदलीत पुन्हा उभा केलेला एकच खांब दिसतो. तिची पूजा बंद पडून दीड हजार वर्षे लोटली. अशा देवीशी लढण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस माणसे विमानाने प्रवास करून येतात, ही घटना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. या युद्धामागे एक तत्त्वज्ञान आहे, आणि त्या तत्त्वज्ञानामागे एक राजकारण आहे.

सी. पीटर वॅग्नर (1930–2016) हे या मोहिमेचे प्रमुख सूत्रधार. 1956 ते 1971 या काळात ते दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात मिशनरी होते. पुढे कॅलिफोर्नियातील फुलर धर्मविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांची शिकवण थोडक्यात अशी : प्रत्येक प्रदेशावर एकेका दुष्टात्म्याचे अधिपत्य असते, तेथील दारिद्र्य, हिंसाचार आणि अधर्म ही त्याच्या अमलाची लक्षणे होत, म्हणून भाविकांनी त्याचे नाव शोधून काढावे आणि प्रार्थनेच्या बळावर त्याला पदच्युत करावे. यालाच ते ‘आध्यात्मिक युद्ध’ म्हणतात. बायबलातील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात जिचा धिक्कार आहे ती ‘आकाशराणी’ हीच अर्तमीच्या आणि इतर अनेक देवींच्या रूपांनी वावरणारी बलाढ्य दुष्ट शक्ती होय, असे प्रतिपादन वॅग्नर यांनी 1998 च्या आपल्या पुस्तकात केले. त्याच्या आदल्याच वर्षी या चळवळीतील मंडळी तिचे आसन हलविण्यासाठी एव्हरेस्टवर प्रार्थनामोहीम घेऊन गेली होती. तिबेटी लोक त्या शिखराला चोमोलुंगमा म्हणतात आणि तेथे देवीचा वास मानतात, एवढा पुरावा त्यांना पुरेसा वाटला.

या चळवळीचे एक मूळ आपल्या देशात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वॅग्नर यांचे गुरू डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म 1897 साली मध्य प्रदेशातील दमोह येथे झाला आणि त्यांची मिशनरी कारकीर्द त्याच भागात गेली. एकेकटा माणूस धर्मांतर करावयास कचरतो, पण जातीच्या जाती एकत्र येतात, हे त्यांनी येथे पाहिले. त्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला की, जात, वंश, भाषा वा वर्ग यांच्या भिंती ओलांडाव्या न लागता ख्रिस्ती होता येत असेल तर लोकांना ते रुचते. तेव्हा प्रचाराची आखणी तशीच करावी. अमेरिकेतील वंशभेदाच्या पार्श्वभूमीवर या सिद्धांतावर टीकेची झोड उठली, तेव्हा वॅग्नर यांनी 1979 मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहून त्याचे समर्थन केले. येथे या विचारसरणीचे मर्म उघडे पडते. जातीची भिंत, काळ्या-गोऱ्यांमधील भिंत ही तिच्या दृष्टीने सोयीची वस्तुस्थिती. तिच्याशी तडजोड चालते. आणि शत्रू कोण? तर हिमशिखरावरची देवी! जे माणसांनी बांधले आहे आणि माणसांनाच पाडता येईल, ते अढळ मानावयाचे, आणि जे कोणाच्याही हाती लागणार नाही त्याच्याशी घनघोर युद्ध करावयाचे. प्रस्थापितांना याहून निरुपद्रवी युद्ध कोणते हवे?

गंमत अशी की, ज्या धर्मग्रंथाचा आधार ही मंडळी घेतात तो ग्रंथ त्यांच्याइतका भाबडा नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात इफिसच्या दंगलीची हकिकत आहे. दंगलीची चिथावणी देतो देमेत्रिय नावाचा सोनार. अर्तमीच्या रुपेरी देव्हाऱ्यांच्या धंद्यावर त्याची आणि कारागिरांची गुजराण चालते. पौलाच्या प्रचाराने आपला धंदा बुडेल, हे तो आधी सांगतो, आणि देवीच्या वैभवाला बाध येईल, हे नंतर. मग जमाव त्याच प्रेक्षागृहात घुसून दोन तास देवीचा जयघोष करतो. शेवटी नगराचा लेखक जमावाला शांत करतो. या माणसांनी देवळे लुटलेली नाहीत की देवीची निंदाही केलेली नाही, तक्रार असेल तर न्यायालये उघडी आहेत, असे तो बजावतो. या साऱ्या प्रकरणात दुष्टात्म्याला कोणी पदच्युत करीत नाही. दिसतो तो धंदा, दिसते ती धार्मिक भावनेच्या आवरणाखाली झाकलेली अर्थव्यवस्था. अर्तमीचे मंदिर हे प्राचीन जगातील एक मोठी पेढीही होते. दूरदूरचे धनिक आपल्या ठेवी तेथे ठेवीत.

यिर्मयाच्या ग्रंथातील आकाशराणीचा प्रसंग तर याहून हृदयद्रावक आहे. बाबेलच्या साम्राज्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतर मिसर देशात आश्रयाला गेलेल्या यहुदी स्त्रिया संदेष्ट्याला प्रत्युत्तर देतात : आम्ही आकाशराणीला धूप जाळीत होतो तोवर पोटभर भाकरी मिळत होती, ते बंद केले आणि तलवार व दुष्काळ आमच्या वाट्याला आले. संदेष्टा उलट म्हणतो, तुमच्या या पूजेमुळेच हा नाश ओढवला. दोघेही आकाशाकडे पाहून भांडत आहेत. खंडणी वसूल करणारे आणि नगरे जाळणारे साम्राज्य त्या वादाच्या बाहेरच राहते. परंतु त्या निर्वासित स्त्रियांच्या तोंडी भाकरीचा प्रश्न आहे, हे विसरता कामा नये. आणि याच यिर्मयाने अन्यत्र, मजुरांना वेतन न देता राबवून प्रासाद बांधणाऱ्या राजाचा कडक शब्दांत धिक्कार केला आहे. देवीवर त्वेषाने तुटून पडणाऱ्या आजच्या प्रचारकांना मजुरीची ती गोष्ट आठवत नाही.

ईजबेल राणीच्या बाबतीतही तेच घडले आहे. 2024 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत कमला हॅरिस यांच्या ठायी ‘ईजबेलचा आत्मा’ आहे, असा प्रचार याच परंपरेतील उपदेशकांनी केला. ईजबेल ही बाल आणि अशेरा यांच्या संदेष्ट्यांना पोसणारी परदेशी राणी. म्हणून कोणतीही कर्तबगार विरोधी स्त्री दिसली की तिच्यावर हे नाव चिकटवावयाचे. पण ग्रंथात ईजबेलविरुद्धचा सर्वांत गंभीर आरोप कोणता आहे? नाबोथ नावाच्या शेतकऱ्याची वडिलोपार्जित द्राक्षमळ्याची जमीन राजा अहाबाला हवी होती. नाबोथ नकार देतो, तेव्हा राणी खोटे साक्षीदार उभे करून, देवनिंदेचा आरोप ठेवून, त्याला दगडमाराने ठार करविते आणि जमीन राजाच्या घशात घालते. एलीया संदेष्टा राजाला जाब विचारतो तो या खुनाचा आणि या जमिनीचा. देवनिंदेचा बनाव करून गरिबाची जमीन बळकाविण्याची ही कथा जगातल्या कोणत्याही भूमिहीनाला समजेल. आध्यात्मिक योद्ध्यांनी तिच्यातली देवी ठेवली, स्त्री ठेवली आणि मळा तेवढा गाळून टाकला.

मळा गाळल्यावर काय होते, ते बोलिव्हियात दिसले. 10 नोव्हेंबर 2019 रोजी लष्कराच्या दबावाखाली एव्हो मोरालेस यांनी राजीनामा दिला, तेव्हा उजव्या आघाडीचे नेते लुईस फर्नांडो कामाचो बायबल घेऊन राष्ट्रपतिभवनात शिरले; पाचामामा, म्हणजे तेथील आदिवासींची भूमाता, या प्रासादात पुन्हा कधी येणार नाही, अशी घोषणा त्यांच्याबरोबरच्या एका धर्मोपदेशकाने केली. त्यानंतरच्या दहा दिवसांत हंगामी सरकारने सैनिकांना फौजदारी जबाबदारीतून सूट देणारा हुकूम काढला, आणि साकाबा व सेंकाटा येथे सुरक्षादलांच्या कारवाईत वीसजणांचे बळी गेले. मेलेले बहुसंख्य आदिवासी होते. देवी दगडामातीत असते की नसते, हा वाद बाजूला राहू द्या. तिच्याविरुद्ध पुकारलेल्या युद्धात गोळी लागते ती तिच्या लेकरांना.

मात्र याच ठिकाणी आपल्या डाव्या मित्रांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. मोरालेस सरकारने डिसेंबर 2010 मध्ये भूमातेच्या हक्कांचा कायदा केला आणि जगभर वाहवा मिळविली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2011 मध्ये, टिपनिस या आदिवासी अरण्यातून जाणाऱ्या महामार्गाविरुद्ध निघालेल्या पदयात्रेवर त्याच सरकारच्या पोलिसांनी लाठ्या चालविल्या. भूमातेचे नाव घोषणेत आणि तिच्या लेकरांच्या पाठीवर वळ! 2025 च्या निवडणुकीत तो पक्ष सत्तेबाहेर फेकला गेला, त्याची अनेक कारणे आहेत. अंतर्गत भांडणे आहेत, डॉलर व इंधनाची टंचाई आहे. पण देवीचा जयजयकार हा जनतेच्या हक्कांना पर्याय ठरत नाही, हा धडा त्यात आहेच. देवीपूजा म्हणजे स्त्रीमुक्ती, असे मानणाऱ्यांनीही अथेनाच्या अथेन्समध्ये स्त्रियांना नागरिकत्वाचे राजकीय हक्क नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने या साऱ्यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, या विचारसरणीवरील टीका म्हणजे ख्रिस्ती समाजावरील टीका नव्हे. गरिबांच्या बाजूने उभी राहणारी मुक्तीची धर्मचिंतनपरंपराही याच बायबलातून निघाली. वॅग्नर यांच्या देवीयुद्धाचा दाखला देऊन आदिवासी पाड्यावरील प्रार्थनासभा उधळणारे लोक त्याच युद्धाचे दुसऱ्या बाजूचे सैनिक होत. त्यांनाही शत्रू म्हणून शेजारीच हवा असतो. दुसरी गोष्ट, संकटाचे खापर बहुधा दुर्बळ स्त्रीवर फुटते. गावात रोगराई आली की एखाद्या विधवेला चेटकीण ठरविण्याची रीत आपल्याकडेही आहे, आणि नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली राज्यात झालेला जादूटोणाविरोधी कायदा अशा छळाला गुन्हा ठरवितो. तो कायदा मांत्रिकाला लागू आहे तसाच दुष्टात्मे काढण्याच्या नावाखाली मारझोड करणाऱ्या कोणत्याही धर्माच्या उपदेशकाला लागू आहे. त्याची माहिती प्रत्येक शाखेने वस्तीवस्तीत पोहोचविली पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणी देवीच्या नावाने रणशिंग फुंकले, मग तो तिच्या बाजूचा असो वा विरुद्ध बाजूचा, की कार्यकर्त्याने तीन साधे प्रश्न विचारावेत : येथे धंदा कोणाचा बुडतो आहे? मजुरी कोणाची थकली आहे? आणि मळा कोणाचा जातो आहे? उत्तरे आकाशात शोधावी लागत नाहीत. ती सातबाऱ्यावर आणि हजेरीपटावर लिहिलेली असतात.